टी.सी. आणि पोर्टल: न्यू जर्सीतल्या बास्केटबॉलवेड्या मंडळींना खुलं पत्र

न्यू जर्सीतल्या समस्त बास्केटबॉलवेड्या मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूंना आपण ‘गद्दार’ म्हणतो, त्याबद्दलचं हे पत्र. हे सगळं मला तुमच्यासमोर बोलता आलं असतं. पण मार्च महिन्यात, कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या दिवसांत, एडिसनच्या त्या तळघरात टीव्हीचा आवाज मोठा असतो, तुमचा त्याहून मोठा, आणि तर्री-पोहे संपेपर्यंत कोण काय बोलतंय ते कुणालाच ऐकू येत नाही. म्हणून लिहून काढते आहे. आधी वाचा, मग भांडा.

२०२५ च्या जानेवारीत आपण नेवार्कला सीटन हॉल विरुद्ध सेंट जॉन्स या कॉलेजांची मॅच बघायला गेलो होतो. कदारी रिचमंड आदल्या मोसमापर्यंत आपल्या सीटन हॉलचा, आता सेंट जॉन्सच्या जर्सीत. त्याच्या हातात बॉल आला की अख्खं स्टेडियम हुर्यो करायचं. आपल्या रांगेतून मराठीत आवाज गेला, ‘गद्दार!’ आणि पाठोपाठ, ‘पन्नास खोके!’ मागे बसलेल्या गोऱ्या आजोबांना वाटलं ही आपली काहीतरी खास घोषणा असणार. तेही ‘खोके, खोके’ करायला लागले. सगळे पोट धरून हसलो. मीही हसले, ते आधीच कबूल करून टाकते.

ते हसू पाथ ट्रेनमध्ये हॅरिसन स्टेशन येईपर्यंत टिकलं. पुढे मी मनात त्या मुलाचा हिशेब मांडायला घेतला. रिचमंड ब्रुकलिनचा. सिरॅक्यूजला एक मोसम खेळून तो २०२१ मध्ये सीटन हॉलला आला, म्हणजे तोसुद्धा एक कॉलेज सोडूनच आपल्याकडे आला होता. तेव्हा आपल्यापैकी कुणी त्याला गद्दार म्हटलं नव्हतं. ‘काय पोरगा उचललाय!’ म्हटलं होतं. पहिलं वर्ष संपतं न संपतं तोच त्याला आणणारे कोच केव्हिन विलर्ड मेरिलंडला निघून गेले. रिचमंड थांबला. नव्या कोचच्या हाताखाली आणखी दोन मोसम खेळला. २०२४ मध्ये निवड समितीने सीटन हॉलला मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेत घेतलं नाही, तेव्हा नाक मुरडून घरी न बसता एनआयटी ही दुय्यम स्पर्धा खेळला, आणि इंडियाना स्टेटला ७९-७७ असं हरवून संघाने करंडक आणला. मग गेला. तो गेल्यावर सीटन हॉलने ३२ पैकी २५ सामने गमावले. त्या पंचवीस पराभवांचा राग आपण त्या एका पोरावर काढत होतो.

शब्दाचंच बघा ना. ‘गद्दार’ आणि ‘खोके’ हे दोन्ही शब्द २०२२ च्या पावसाळ्यात महाराष्ट्राच्या विधान भवनाच्या पायऱ्यांवरून आपल्या फोनमध्ये आले, तिथून नेवार्कच्या स्टेडियममध्ये. कुणाच्या राजकारणात मला पडायचं नाही. पण आमदार निदान आपल्या दारात येऊन मतं मागतो, चिन्ह दाखवतो, शब्द देतो. त्या पोराने तुमच्याकडे काय मागितलं होतं? त्याने दिलेला शब्द शिकायचा आणि खेळायचा होता, तो त्याने तीन मोसम पाळला.

तुम्ही म्हणाल, बाई मोठी तत्त्वाची आली, हिचं काय जातंय. माझं गेलेलं आहे. २०२२ साली जे इथे नव्हते त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगते.

मी जर्सी सिटीत राहते, केनेडी बुलेवार्डपासून दोन गल्ल्या आत. आमच्या इथलं सेंट पीटर्स हे १८७२ सालचं जेझुइट कॉलेज. लहानसं. त्याच्या संघाचं नाव पीकॉक्स, म्हणजे आपले मोर. (मुलींच्या संघाला पूर्वी चक्क ‘पीहेन्स’ म्हणायचे, लांडोरी. आता त्याही मोरच झाल्या.) जिममध्ये जेमतेम तीन हजार माणसं बसतात आणि एरवी तीही बसत नाहीत. त्या जिमला ‘रन बेबी रन’ हे नाव आहे, कारण १९६८ साली याच कॉलेजच्या पळपळ्या संघाने एनआयटीत ड्यूकला १००-७१ असं धुतलं होतं. चोपन्न वर्षं तेवढ्या एका आठवणीवर गाव जगलं.

१७ मार्च २०२२, होळीचा दिवस. मी पुरण यंत्रातून काढत होते आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर आयपॅड उभा केला होता. राष्ट्रीय स्पर्धेत आमच्यासमोर केंटकी. त्यांचं मानांकन २, आमचं १५. त्यांच्या कोचचा, जॉन कॅलिपरींचा, पगार वर्षाला ८० लाख डॉलरच्या वर. आमच्या अख्ख्या संघाचं वर्षाचं बजेट त्याच्या जवळपासही नव्हतं. डॅरिल बँक्सने २७ पॉइंट काढले. मिशीवाला डग एडर्ट बेंचवरून उठून आला आणि त्याने २० काढले. सामना जादा वेळेत गेला, आणि आम्ही ८५-७९ जिंकलो. त्या रात्री पोळ्या झाल्याच नाहीत. होळीला नैवेद्य राहिला असं आमच्या घरात पहिल्यांदाच घडलं, आणि सासूबाई पुण्याहून फोनवर काय म्हणाल्या ते इथे लिहीत नाही.

पुढे मरे स्टेट गेलं. २५ तारखेला फिलाडेल्फियात पर्ड्यू गेलं, ६७-६४. त्यांचा झॅक ईडी सात फूट चार इंच. आमचा केसी एनडेफो सहा फूट सात. मानांकन १५ चा संघ शेवटच्या आठांत पोचला, असं या स्पर्धेच्या इतिहासात आधी कधी झालं नव्हतं. न्यूअर्क अव्हेन्यूवरच्या किराणा दुकानातले गुजराती काका, ज्यांना बास्केटबॉलमध्ये किती जण खेळतात हेही माहीत नव्हतं, ते मला मेथीची जुडी देताना विचारायचे, ‘आपणा मोर जीत्या?’ मला इथे येऊन तेवीस वर्षं झाली होती. त्या आठवड्यात पहिल्यांदा वाटलं, हे माझंही गाव आहे.

२७ ला नॉर्थ कॅरोलायनाकडून हरलो. ३० ला कोच शाहीन होलोवे सीटन हॉलला गेले. गुढीपाडवा २ एप्रिलला होता. होळीला पेटलेलं पाडव्याच्या आत विझलं.

आणि मग मुलं. एनडेफो होलोवेंच्या मागोमाग सीटन हॉलला. बँक्स सेंट बोनाव्हेंचरला, एडर्ट ब्रायंटला, ड्रामे जुळे भाऊ ला साल्ला, मॅथ्यू ली मिझुरी स्टेटला. रोज एक नाव. मी फ्रिजवर संघाची यादी लावली होती, तिच्यावर पेन्सिलने काट मारत होते.

आता त्या दिवसांत तुम्ही काय बोललात ते आठवा. होलोवेंबद्दल: ‘बढती मिळाली बिचाऱ्याला, कोण सोडेल?’ मुलांबद्दल: ‘हवा गेली डोक्यात.’ पण क्रम बघा. मेरिलंडच्या कोचने मोसमाच्या मध्येच, डिसेंबरात, पद सोडलं. ती जागा भरायला २१ मार्चला विलर्ड सीटन हॉलमधून गेले. विलर्डांची जागा भरायला होलोवे आमच्याकडून गेले. होलोवेंची जागा भरायला स्टेटन आयलंडच्या वॅगनर कॉलेजातून बशीर मेसन आले, म्हणजे वॅगनरचीही जागा रिकामी झाली. चार कॉलेजं, सगळी मोठी माणसं, सगळे करार मोडून किंवा पैसे भरून मोकळे. पोरं हलली ती नंतर. ज्याने घरी येऊन आईसमोर बसून ‘तुमच्या मुलाला मी घडवीन’ म्हटलं, तोच माणूस निघून गेल्यावर. हवा मुलांच्या डोक्यात गेली म्हणे!

होलोवेंवर माझा राग नाही, हेही लिहून ठेवते. ते स्वतः सीटन हॉलचे जुने खेळाडू, त्यांना घरून बोलावणं आलं होतं. जाणारच. मी एवढंच म्हणते की जे माप कोचला, तेच पोराला लावा.

हे माप मला इतकं का लागतं, त्याला एक जुनी गोष्ट आहे. तुमच्यातल्या दोघातिघांनाच माहीत आहे.

मी नागपूरला बास्केटबॉल खेळायचे, पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ रचणारी. अकरावी-बारावी ज्या कॉलेजात काढली त्याचं नाव सांगत नाही, नागपूरकरांनी ओळखायचा प्रयत्नही करू नये. आमचे क्रीडा शिक्षक उन्हाळ्यात दुसऱ्या कॉलेजात रुजू झाले. त्यांना शाल-श्रीफळ मिळालं, प्राचार्यांचं भाषण झालं, आम्ही मुली रडलो. मलाही बीएस्सीला दुसरीकडे जायचं होतं, तिथे कॉम्प्युटर विषय होता म्हणून. टी.सी.साठी अर्ज दिला. लिपिक म्हणाले, साहेब नाहीत. पुढच्या आठवड्यात म्हणाले, सही झाली, शिक्का राहिला. मग म्हणाले, स्पोर्ट्सचं नो ड्यूज आणा. तिथे गेले तर रजिस्टरमध्ये माझ्या नावावर दोन बॉल आणि एक नेट निघालं. बॉल! ते दोन्ही बॉल त्याच खोलीत, रजिस्टरच्या वर फळीवर पडलेले मला दिसत होते. एकाची शिवण उसवलेली, ती मीच दाभणाने शिवली होती. बाबांनी ऑफिसातून सायकलवर किती चकरा मारल्या, मोजल्या नाहीत. शेवटी दोनशे चाळीस रुपये भरून टी.सी. हातात आली, तोवर तिकडची प्रवेशाची यादी बंद झाली होती.

त्याच कॉलेजात आणखी एक वर्ष काढलं. संघात नाव होतं, पण नव्या सरांनी मला जवळजवळ वर्षभर बेंचवर बसवलं. ‘हिला जायचं होतं ना,’ असं ते मी ऐकेन अशा बेताने म्हणायचे.

म्हणून २०१८ च्या ऑक्टोबरात जेव्हा इथे ट्रान्सफर पोर्टल आलं, तेव्हा मला ते लगेच समजलं. पोर्टल म्हणजे दुसरं काही नाही: मुलाने सांगितलं की कॉलेजला त्याचं नाव बदली हवी असलेल्यांच्या यादीत घालावंच लागतं, परवानगी मागायची नाही. म्हणजे लिपिक नाही, फळीवरचे बॉल नाहीत. त्याआधी कुठल्या कॉलेजांनी या मुलाशी बोलायचं हे जुना कोच ठरवायचा. आणि गेलं तरी एक वर्ष नुसतं बसावं लागे. ते बसणं २०२१ च्या एप्रिलमध्ये पहिल्या बदलीपुरतं माफ झालं, आणि कोर्टाने कान पिळल्यावर २०२४ च्या एप्रिलपासून अभ्यास ठीक असेल तर कितीही वेळा. तुम्ही याला ‘धरबंद सुटला’ म्हणता. मी म्हणते, टी.सी. खिडकीवर मिळायला लागली.

आणि आता तुमच्याबद्दल. माफ करा, पण बोलणार.

आपण बहुतेक जण कसे आलो? कुठल्या तरी बॉडीशॉपने, म्हणजे माणसं भाड्याने पुरवणाऱ्या कंपनीने आणलं, एका खोलीत सहा जण, आणि प्रोजेक्ट मिळेपर्यंत बेंचवर. हो, आपणही त्याला बेंचच म्हणायचो. २००० सालच्या ऑक्टोबरात कायदा बदलला आणि नवीन कंपनीने एच-वन व्हिसाचा अर्ज भरला की लगेच तिकडे रुजू होता यायला लागलं. त्याच्या पुढच्या दोन वर्षांत या तळघरातल्या किती जणांनी कंपनी बदलली? एकाने तर प्रोजेक्ट गो-लाइव्ह व्हायच्या आदल्या आठवड्यात बदलली, आणि आपण त्याला पार्टी मागितली. ‘पगार किती वाढला?’ हा आपला पहिला प्रश्न असतो. कुणाच्या तोंडून तेव्हा ‘निष्ठा’ हा शब्द मी ऐकलेला नाही. आता मुलाला २०२१ च्या जुलैपासून स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात, २०२५ च्या जुलैपासून कॉलेजही त्याला थेट पैसे देऊ शकतं, तर लगेच खोके! टीव्हीवाले या एका स्पर्धेसाठी वर्षाला सरासरी ११० कोटी डॉलर मोजतात. ते खोके कुणी मोजले का? त्यात घाम गाळणाऱ्यांचा वाटा कित्येक वर्षं शिष्यवृत्ती, जेवण आणि बुटांपुरता होता.

याचा अर्थ सगळं छान चाललंय असं मी म्हणत नाही. तुमचा चडफडाट मला कळतो, तो फक्त चुकीच्या खिडकीवर चाललाय.

तक्रारच करायची होती तर वेळापत्रकाची करायची. २०२५ मध्ये पोर्टलची खिडकी २४ मार्चला उघडली. अंतिम सामना होता ७ एप्रिलला. म्हणजे सोळा संघ अजून खेळत होते आणि तिकडे बाजार भरला होता. पुढच्या वर्षीचा संघ जमवायचा तर कोचने त्याच दिवसांत फोन फिरवायचे, आणि नोकरी बदलायची तर तीही तेव्हाच. तेच विलर्ड, मेरिलंडला शेवटच्या सोळांत घेऊन गेले, २७ मार्चला हरले आणि ३० मार्चला व्हिलानोव्हाचे कोच झाले. पुन्हा ३० मार्च! माझ्या फ्रिजला ती तारीख पाठ झाली आहे. स्पर्धा चालू असताना ना कोचने बदलावं ना मुलाने, एवढा साधा नियम करायला कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या एनसीएएच्या इंडियानापोलिसच्या कार्यालयात बसलेल्यांना इतकी वर्षं का लागावीत?

दुसरी तक्रार, छोट्या कॉलेजांची रोपवाटिका झाली आहे. वॉल्टर क्लेटन आयोनाचा, म्हणजे आमच्याच लीगमधला. तिथे दोन वर्षं घडला. २०२३ मध्ये त्याचे कोच रिक पिटिनो सेंट जॉन्सला गेले, हा फ्लोरिडाला गेला, आणि २०२५ मध्ये ह्यूस्टनला ६५-६३ हरवून विजेता ठरलेल्या संघाचा हिरो झाला. त्याचं भलं झालं, चांगलंच झालं. पण कोच करार मोडून जातो तेव्हा बहुधा जुन्या कॉलेजच्या पदरात काहीतरी पडतं. मुलाला दोन वर्षं घडवल्याचं आयोनाच्या पदरात काय? नवीन कॉलेजने जुन्याला काही रक्कम द्यावी, अशी पद्धत का नसावी? मात्र ती मुलाच्या वाट्यातून कापायची नाही आणि त्याच्या जाण्याला अट म्हणून लावायची नाही. नाहीतर पुन्हा दोन बॉल आणि एक नेट.

रिक्रूटिंगबद्दल, म्हणजे बारावीतली पोरं कॉलेजसाठी हेरण्याबद्दल, फार लिहीत नाही, कारण तिथे तुमचं ऐकण्यासारखं काही नसतं. (रागावू नका.) बारावीतल्या पोरांच्या याद्या तुम्ही शेअर बाजारासारख्या बघता. रटगर्सला डिलन हार्पर आणि एस बेली एकाच वर्षी मिळाले तेव्हा पिस्कॅटवेत तुम्ही पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. दोघंही जून २०२५ मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या निवडीत, पहिल्या पाचांत गेले, दुसरा आणि पाचवा. आणि रटगर्स? १५ विजय, १७ पराभव, मार्चमध्ये घरी. उलट तो सात फूट चार इंचांचा ईडी, बारावीच्या यादीत चारशेच्याही खाली होता. चार वर्षं एकाच कॉलेजात राहिला आणि दोनदा देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. यावरून निष्ठेचं फळ वगैरे कीर्तन सुरू करू नका. त्याचे कोच मॅट पेंटर २००५ पासून हललेले नाहीत, हेही त्याच वाक्यात म्हणा.

तर मागणी एकच. गद्दार आणि खोके हे दोन शब्द मॅचला येताना एडिसनलाच ठेवून या. हुर्यो करा, फ्री थ्रोच्या वेळी हात हलवा, तो खेळाचा भाग आहे. मला स्वतःला केंटकीला शिव्या द्यायला अजूनही आवडतं.

आणि नोव्हेंबरात मोसम सुरू झाला की एक शनिवार जर्सी सिटीसाठी काढा. गाडी आणू नका, पार्किंग मिळत नाही. पाथने जर्नल स्क्वेअरला उतरा, मी जिन्यापाशी असेन. तिथून जिम चालत वीस मिनिटं, त्याआधी न्यूअर्क अव्हेन्यूवर चहा होईल. संघाची यादी मी छापून आणते, प्रत्येकाला एक. नावं मलाही पाठ नसतील. २०२२ ची यादी अजून फ्रिजवर आहे. दर वर्षीची नवी मी तिच्यावरच लावते, आता तो चुंबक वजन पेलत नाही, जरा मोठा कुणाकडे असेल तर घेऊन या.

तुमची,
जर्सी सिटीची मोरवाली